घरकुल आणि थारा

ज्या माणसाला स्वतःचे घर नाही, ज्याचे आहे ते मोडकळीला आले आहे, किंवा घर उभे असूनही वय, अपंगत्व वा आजार यांमुळे त्यात एकट्याने राहणे ज्याला जमत नाही, अशा माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न महाराष्ट्रात गेली चार दशके मुख्यतः बांधकामाचा प्रश्न म्हणून हाताळला गेला आहे. किती घरे मंजूर झाली, किती जोत्यापर्यंत आली, किती पूर्ण झाली, या तीन आकड्यांत तो मावतो असा समज शासकीय अहवालांत तर आढळतोच, पण गावातल्या पारावरच्या बोलण्यातही आढळतो. मराठी भाषेने मात्र हा घोटाळा केलेला नाही. तिच्याकडे ‘घर’ आहे, योजनांनी रूढ केलेले ‘घरकुल’ आहे, पावसापुरता ‘आडोसा’ आहे, संकटातला ‘आसरा’ आहे आणि या सगळ्यांहून वेगळा ‘थारा’ही आहे. घरकुल मंजूर होते, थारा मात्र कुणीतरी द्यावा लागतो, म्हणजे त्यात छपराइतकीच दुसऱ्या माणसाची सोबत गृहीत असते. प्रस्तुत विवेचनाचा विषय या दोन शब्दांमधले अंतर हा आहे.

परवडणाऱ्या खर्चात मिळालेले कायमचे घर आणि त्या घरात टिकून राहण्यासाठी लागणारी रोजची मदत (औषधोपचार, डबा, अंघोळीला हात देणारे माणूस, पेन्शनच्या कागदांसाठी तहसीलची खेप) या दोन गोष्टी एकत्र पुरवणाऱ्या व्यवस्थेला येथे ‘आधारनिवास’ म्हटले आहे. ‘आधार’ म्हटले की हल्ली लोकांना आधी कार्ड आठवते, हे खरे. तरीही दुसरा शब्द इतका नेमका बसत नाही. या व्यवस्थेत राहणाऱ्याचा हक्क घरावर असतो, मदत घेतली नाही म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही, आणि दाराची कडी त्याच्याच हातात असते. वृद्धाश्रम, सुधारगृह किंवा रात्रनिवारा यांच्यापासून आधारनिवास वेगळा ठरतो तो या कडीमुळे.

या विचारासाठी नरसी नामदेव हे ठिकाण घेण्यामागे काही कारणे आहेत. हिंगोली तालुक्यातले, कयाधू नदीच्या परिसरातले हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी परंपरेत मानले जाते. ज्यांच्याशी नामदेवांची गुरुभेट झाली ते विसोबा खेचर ज्या औंढा नागनाथाशी जोडलेले आहेत, तेही याच जिल्ह्यात आहे. परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि त्यांपैकी सोरठ रागातल्या एका पदाचा विषय चक्क घरबांधणी हा आहे: नामदेवांची झोपडी इतकी सुबक कुणी शाकारली असे शेजारीण विचारते, त्या कारागिराला दुप्पट मजुरी देण्याची तयारी दाखवते, आणि तो कारागीर पैशाच्या मजुरीवर येत नाही असे उत्तर तिला मिळते. आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी या पदात एक व्यावहारिक सत्य शिल्लक राहते, ते असे की गरिबाच्या घराला मिस्त्री मिळणे तेव्हाही अवघड होते. याच कुटुंबाच्या कथेत जनाबाईही आहेत. गंगाखेडची ही पोर लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली आणि तिला तिथे थारा मिळाला; मात्र तो दळणकांडणाच्या बदल्यात मिळाला. निराधाराने कुणाच्या तरी घरात राबावे आणि त्या मोबदल्यात राहावे, ही आपल्या समाजाची आधारनिवासाची सर्वांत जुनी रीत आहे आणि ती अजून पुरती संपलेली नाही.

खेड्यातला बेघर दिसत नाही, ही या विषयातली पहिली अडचण. शहरात तो पुलाखाली, फलाटावर, फुटपाथवर असतो आणि त्यामुळे निदान मोजला तरी जातो. 2011च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. छप्पर असलेल्या वास्तूत न राहता उघड्यावर, रस्त्याच्या कडेला किंवा मंदिराच्या मंडपात झोपणारी माणसे या व्याख्येत बसली, आणि देशभरात त्यांची संख्या 17 लाख 73 हजारांच्या आसपास भरली. महाराष्ट्रातली 2 लाख 10 हजारांहून अधिक होती. देशातल्या बेघरांपैकी जवळपास निम्मे, म्हणजे 8 लाखांहून अधिक, ग्रामीण भागातले होते, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शिवाय दिराच्या गोठ्यात एका कोपऱ्यात पथारी टाकणारी विधवा, पडक्या वाड्याच्या उरलेल्या ओसरीवर राहणारा दृष्टिहीन म्हातारा, किंवा मुलगा-सून ऊसतोडीला गेल्यावर पत्र्याच्या खोलीत पाच-सहा महिने एकटी उरणारी अधू आजी ही माणसे या व्याख्येत बेघर नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर काहीतरी आहे. मराठवाड्यातून दरवर्षी ‘कोयते’ निघतात. एक कोयता म्हणजे तोडीला जाणारे एक जोडपे. उचल कोयत्यावर मिळते, त्यामुळे जो कोयता चालवू शकत नाही तो मागे राहतो. हंगामभर कारखान्याच्या फडात कोपी घालून राहणारे हे जोडपे जसे घराविना असते, तसेच मागे राहिलेले माणूस आधाराविना असते, आणि शासनाच्या यादीत मात्र हे सगळे मिळून एकाच पत्त्यावरचे एक कुटुंब असते.

शहरी बेघरांसाठी निदान काही धोरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये लाखभर लोकवस्तीमागे एक निवारा असावा असे सांगितले, आणि 2013पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात अशा निवाऱ्यांची योजना आली. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तिचा उपयोग नाही. दुसऱ्या बाजूला, ज्याच्याजवळ निर्वाहाचे दिसणारे साधन नाही आणि जो भटकत राहतो त्याला भिक्षेकरी ठरवून पकडण्याची मुभा देणारा 1959चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम महाराष्ट्रात चालत आला आहे. दिल्लीत त्याची मुख्य कलमे उच्च न्यायालयाने 2018मध्ये रद्द केली. त्या कायद्याखाली मिळणाऱ्या भिक्षेकरी गृहातही छप्पर असते, जेवण असते, प्रसंगी डॉक्टरही असतो, पण कडी बाहेरून असते.

ग्रामीण भागात उरते ते घरकुल. 1985-86मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना 2016पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. तिच्या जोडीला महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी 2023पासून मोदी आवास अशा योजना आहेत. केंद्रीय योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी 12 हजार असे साहाय्य ठरले, आणि घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट धरले गेले. या योजनांनी मराठवाड्यातली लाखो कुडाची आणि गळक्या पत्र्याची घरे पक्की केली, हे मान्य न करणे अन्यायाचे ठरेल. दोष पैशाच्या आकड्यात आहे तेवढाच योजनेने मनात धरलेल्या लाभार्थीतही आहे.

हा लाभार्थी कसा आहे? त्याच्याकडे स्वतःची जागा आहे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्याचे नाव लागलेले आहे. तो धडधाकट आहे, कारण योजनेत ठेकेदार नेमायला मनाई आहे आणि घर त्याने स्वतः बांधायचे आहे. त्याच्याजवळ थोडी पुंजी किंवा उधारी देणारा दुकानदार आहे, कारण पैसे हप्त्याने आणि काम झाल्यावर येतात. मंजुरीनंतरचा पहिला हप्ता महाराष्ट्रात 15 हजार रुपयांचा. त्यात पाया खणून जोते वर आणायचे, मग त्याचा फोटो जागेच्या खुणेसह ‘जिओ-टॅग’ होणार, आणि तेव्हा पुढचा हप्ता. कयाधूच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत हे जोते सर्वांत खर्चिक असते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खाली मुरूम लागेपर्यंत पाया उतरवावा लागतो, आणि तसे केले नाही तर दुसऱ्याच पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. वाळूचे भाव, गवंड्याची मजुरी, सेंट्रिंगचे भाडे हे सगळे त्यापुढचे. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे धोरण राज्याने 2025मध्ये आणले, पण डेपोवरून ती ओट्यापर्यंत आणणारा ट्रॅक्टर मोफत नाही. ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ ही म्हण धडधाकट, कर्त्या माणसाला उद्देशून आहे, आणि योजनाही त्याच माणसाला उद्देशून लिहिली गेली आहे.

योजनेच्या मार्गदर्शक चौकटीत वृद्ध, अशक्त आणि दिव्यांग लाभार्थ्यांचे घर गवंडी प्रशिक्षणाच्या निमित्ताने बांधून द्यावे अशी तरतूद आहे. ती चांगली आहे, परंतु तिच्यासाठी कुणीतरी ते कुटुंब आधी वेगळे ओळखावे लागते. रोजगार हमीच्या 90 दिवसांचेही तसेच: हजेरी लागली तर मजुरी मिळणार, आणि ज्याला टिकाव उचलता येत नाही त्याच्या घराला तेवढे पैसे कमी पडणार. अर्थात, ज्याला मदतीची गरज जास्त त्याच्या पदरात साहाय्य कमी, असे हे त्रैराशिक आहे.

जागेचा प्रश्न तर बांधकामाच्याही आधीचा. भूमिहीनाला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला साहाय्य देते. सुरुवातीचे 50 हजार पुढे 1 लाख झाले. शासकीय जागेवरची 1 जानेवारी 2011पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरणही आहे. पण गावठाणालगतची जागा विकायला काढणारा शेतकरी ती निराधार बाईच्या नावाने खरेदीखत करायला सहज तयार होतो असे नाही, आणि गायरानावरची झोपडी 2011पूर्वीची असल्याचा पुरावा म्हणजे जुनी वीजबिले किंवा घरपट्टीच्या पावत्या. ज्याच्या झोपडीत वीजच नव्हती त्याने कोणती बिले दाखवायची?

आता 269 चौरस फुटांच्या घरात चाकाच्या खुर्चीवरचे माणूस कसे राहते, ते जवळून पाहिले पाहिजे. घर साधारण 16 फूट बाय 17 फूट. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते जमिनीपासून 2 फूट वर घेतलेले, म्हणजे समोर तीन-चार पायऱ्या. सुगम्यतेच्या मानकानुसार उताराचे प्रमाण एकास बारा असते, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबीचा उतार लागतो; तेव्हा 2 फूट जोत्याला 24 फुटांचा रॅम्प हवा. घराच्या लांबीपेक्षा दाराकडे जाणारी वाट मोठी! 500 चौरस फुटांच्या तुकड्यावर 269 चौरस फुटांचे घर आणि एक शौचालय बसवल्यावर हा रॅम्प बसवायचा तर तो घराला वळसा घालूनच न्यावा लागेल. आत खुर्ची पूर्ण वळायला सुमारे 5 फूट व्यासाची मोकळी जागा लागते. ती खाट, चूल आणि कोठी मांडल्यावर उरत नाही. शौचालय बहुधा अंगणाच्या कडेला, स्वतंत्र 12 हजारांतले, अरुंद दाराचे आणि उकिडवे बसायच्या भांड्याचे असते. अशा घराचा फोटो चारही टप्प्यांवर निर्दोष येतो, अहवालात ते ‘पूर्ण’ लागते, आणि त्याची मालकीण अंगणातून वर जाण्यासाठी शेजारच्या पोराची वाट पाहत बसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016ने या बाबतीत पुष्कळ स्पष्ट सांगितले आहे. त्याच्या पाचव्या कलमात दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे. चोविसाव्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांत त्यांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक रक्कम देण्याची भाषा आहे. आणि सदतिसाव्या कलमात जमीन व घरांच्या वाटपात 5 टक्के आरक्षण असून त्यातही दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही त्याची किल्ली. त्यामुळे यादीतला वाटा मिळतो, पण वाट्याला आलेले घर वेगळे बांधले जात नाही. 5 टक्के लोकांना तेच 100 टक्क्यांचे घर मिळते. मराठवाड्याने ही चूक पूर्वीही पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि घरे 250, 400 व 750 चौरस फुटांची ठरली, ती कुटुंबाकडच्या जमिनीच्या मापाने. ज्याला एकर नव्हता त्याला फूटही कमी मिळाले. त्या भूकंपात पाय किंवा कणा गमावलेल्यांसाठी मापाची चौथी पट्टी कुणी काढली नाही. हिंगोलीलाही ही आठवण दूरची नाही: 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी जिल्ह्यात प्रत्येकी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, आणि अशा धक्क्यात आधी बाहेर पडता न येणारी माणसेच दगडमातीच्या जुन्या माळवदांखाली राहत असतात.

मनोरुग्णांची स्थिती याहून बिकट आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार ठिकाणी उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. बरा झालेला रुग्ण घरच्यांनी नेला नाही तर वर्षानुवर्षे तिथेच राहतो, म्हणजे आजाराने नव्हे तर घर नसल्याने तो दवाखान्यात असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017ने अशांसाठी मधल्या टप्प्याची घरे आणि मदतीसह निवासाची सोय करणे शासनावर सोपवले. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने 2015मध्ये ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू करून, रुग्णालयात दीर्घकाळ अडकलेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायला दिले आणि मदतनीस शेजारी ठेवला. पुढे हे काम रत्नागिरीतही आले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार करून त्यांच्या गावी पोहोचवणारे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना 2018मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगात याच विचाराला ‘आधी घर’ असे म्हणतात: न्यूयॉर्कमध्ये 1992पासून आणि फिनलंडमध्ये 2008पासून राष्ट्रीय धोरण म्हणून, बेघराने आधी सुधारावे आणि मग घर मिळवावे हा क्रम उलटा केला गेला.

महाराष्ट्रातली या विचाराची मुळे मात्र परदेशी नाहीत. बाबा आमटे यांनी 1949मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले तेव्हा कुष्ठरुग्णाला इस्पितळातली खाट न देता शेत, काम, लग्न आणि घर दिले. तिथे पुढे अंध, मूकबधिर आणि वृद्धही राहायला आले. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव लावून वाढवले, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाबाहेर काढण्याच्या नियमाविरुद्ध अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनासाठी कायदा मागितला. 2024मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोलापूरची गोष्ट वेगळ्या अंगाने शिकवणारी आहे. तिथल्या विडी कामगार स्त्रियांनी माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10 हजार घरांची सहकारी वसाहत मिळवली (तिचे हस्तांतरण 2006मध्ये झाले), आणि नंतर कुंभारी येथे 30 हजार घरांचे रे नगर मिळवले; त्यातली 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी ताब्यात आली. विडी वळणारीचे घर हाच तिचा कारखाना असतो, हे त्या मागणीत पहिल्यापासून धरलेले होते. सोलापूरकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे संघटना. नरसीच्या पंचक्रोशीतल्या, वाडीवाडीत एकेकट्या पडलेल्या अधू माणसांचा मोर्चा निघत नाही.

आनंदवन किंवा वझ्झर यांची नक्कल गावोगाव होणार नाही, आणि व्हावी असेही नाही. त्या संस्था असामान्य माणसांवर उभ्या राहिल्या, आणि असामान्य माणसावर धोरण बेतता येत नाही. शिवाय आपला गाव, आपली एकादशी, आपल्या ओळखीची विहीर सोडून दूरच्या आश्रमात जाणे हा बहुतेकांना आधार वाटत नाही, शिक्षा वाटते. गावातच काय करता येईल हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याला लागणारे बरेच पैसे वेगवेगळ्या खिशांत आधीच आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980पासून चालू आहे, तिचे मासिक अनुदान 2023मध्ये 1,500 रुपये झाले. ती फाईल तहसीलमध्ये असते. घरकुलाची फाईल पंचायत समितीत असते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयात मिळते. ग्रामपंचायतीने स्वनिधीतला 5 टक्के वाटा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, आणि तो अनेक ठिकाणी मार्चअखेरीस वस्तूवाटपात किंवा थोड्याथोड्या रोख रकमेत संपतो. चार कार्यालयांत एकाच बाईची चार कागदपत्रे असतात, पण ती बाई रात्री कुणाच्या भरवशावर झोपते हे चारांपैकी एकाही कागदावर लिहिलेले नसते. हे चार कागद एका टेबलावर आले, तर गावठाणातच शेजारी शेजारी चार-पाच घरे, सामाईक रॅम्प, सामाईक सुगम शौचालय आणि गावातल्याच एखाद्या बचतगटाकडून रोजचा डबा, इतका साधा आधारनिवास उभा करायला नव्या योजनेची गरज नाही. योजना एकत्र वाचणाऱ्या माणसाची आहे.

ही सुरुवात करण्याची जागा ग्रामसभा आहे, कारण घरकुलाच्या प्राधान्यक्रमाची यादी तिच्यापुढे वाचली जाते आणि तिथे हरकत नोंदवता येते. वाचकांपैकी जे अशा सभेला बसतात त्यांना एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी यादीतले नाव वाचले गेले की दोन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत: हे घर कोण बांधणार आहे, आणि बांधून झाल्यावर त्यात या माणसाजवळ कोण असणार आहे.